उजवा डोळा चार दिवस झाले ठणकतोय, लाल पण आहे. डोळे आलेत की दुसरं काही?

वाटसरू_पुणे

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. वय 32, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर जातात. चष्मा नाही, शुगर बीपी काही नाही.

रविवारी संध्याकाळपासून उजवा डोळा आतून दुखायला लागला, आधी वाटलं झोप कमी झालीय म्हणून असेल, पण सोमवारी सकाळी आरशात बघितलं तर लाल झालेला. चिपडं येत नाहीत, खाज नाही, फक्त पाणी येतं आणि उजेड अजिबात सहन होत नाही. ऑफिसात ट्यूबलाईटखाली बसवत नाही, काल रात्री टूव्हीलरवर समोरून येणाऱ्या गाडीचा लाईट डोळ्यात गेला तर कळ थेट भुवईपर्यंत गेली, गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबावं लागलं. रात्री ठणका वाढतो. मोबाईलवर जवळचं वाचायला गेलं की जास्त दुखतं आणि आजपासून त्या डोळ्याने थोडं धुरकट दिसतंय असं वाटतंय.

आई म्हणते उष्णता आहे, डोळे आलेत, गुलाबजलाच्या घड्या ठेव. त्या ठेवल्या, गार वाटतं तेवढ्यापुरतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक ड्रॉप्स आणले, दोन दिवस घातले, फरक शून्य. आज परत गेलो तर त्याने दुसरी बाटली दिली, म्हणाला ह्याच्यात स्टेरॉइड आहे, एका दिवसात लाली जाईल. ती अजून फोडलेली नाही, बायको म्हणाली आधी कुणालातरी विचार. शुक्रवारी आमचं रिलीज आहे त्यामुळे डॉक्टरकडे शनिवारी जायचा विचार आहे. स्क्रीनमुळे होत असेल का हे? शनिवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

दुपारचा_चहा

मी पण आयटीवालाच. माझे डोळे दीड वर्ष दुखत होते, ते स्क्रीनमुळेच निघालं म्हणून लिहितोय, पण तुमचं वाचून ते वेगळं वाटतंय. माझं असं व्हायचं की दुपारी तीन-चारनंतर दोन्ही डोळे चुरचुरायचे, वाळू गेल्यासारखं, एसीच्या झोताखाली बसलो की अजून जास्त, आणि रविवारी काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं की स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या लवतच नाही, एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवतात त्या पाच-सहावर येतात, मग डोळ्यावरचा अश्रूंचा थर वाळतो आणि बुबुळ उघडं पडल्यासारखं होतं. ल्युब्रिकंट ड्रॉप्स दिले, मॉनिटर डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली घ्यायला सांगितला आणि दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघायचं. शिवाय अर्ध्याचा छुपा नंबर निघाला, तो चष्मा लागल्यावर कपाळ दुखायचं थांबलं.

पण मला कधी एकाच डोळ्याला झालं नाही, उजेडाने कळ आली नाही, धुरकट तर नाहीच. स्क्रीन दोन्ही डोळ्यांनी बघतो ना आपण. त्यामुळे मी असतो तर शनिवारपर्यंत थांबलो नसतो.

कृष्णाकाठ

दादा ती बाटली फोडू नका. आधी एवढंच वाचा आणि मग बाकीचं.

आमचं गाव वाळवा तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत तोड चालू होती, आण्णा म्हणजे माझे वडील उसाच्या मोळ्या बांधत होते आणि पात सपकन डोळ्याला लागली. पातीची धार कशी असते ते उसात काम केलेल्याला सांगायला नको. दिवसभर खुपलं, पाणी आलं, आण्णांनी उपरण्याचं टोक तोंडाच्या वाफेवर गरम करून शेकलं आणि परत कामाला लागले. दुसऱ्या दिवशी लाल झाला म्हणून मी मोटारसायकलवरनं जाऊन मेडिकलमधून ड्रॉप्स आणले, मीच आणले, त्यात स्टेरॉइड होतं हे मला माहीतच नव्हतं. दोन दिवसांत लाली एकदम उतरली. आम्हाला वाटलं औषध लागू पडलं. आण्णा आठवडाभर ते घालत राहिले आणि आठव्या दिवशी माझ्या बायकोला दिसलं की बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आलाय.

मिरजेला नेलं. तिथल्या मॅडमनी बुबुळावरनं थोडंसं खरवडून काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि बुरशी आहे म्हणाल्या. उसाच्या पातीवर, कडब्यावर, मातीत ती असतेच, बुबुळाला ओरखडा पडला की आत शिरते. नाटामायसिन नावाचे ड्रॉप्स दर तासाला, रात्री पण. मी, आई आणि बायको पाळी लावून जागायचो, मोबाईलला दर तासाचा गजर. अडीच महिने चाललं. डोळा वाचला पण फूल पडलं, आता त्या डोळ्याने आण्णांना समोर धरलेली बोटं मोजता येतात तेवढंच. बुबुळ बदलायचं म्हणजे नेत्रदानातून मिळेल तेव्हा, यादीत नाव आहे.

तुम्हाला काही लागलं नसेल, तुमचं वेगळं असेल. पण लाली गेली म्हणजे आजार गेला असं नसतं.

काचेपलीकडे

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नेत्रतज्ज्ञ डॉक्टर नाही, एका डोळ्यांच्या दवाखान्यात चौदा वर्षं रुग्णांची पहिली तपासणी करतेय. तेव्हा हे निदान समजू नका, निदान समोर बसवून मशीनखालीच होतं. पण वाटसरू, तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या काही गोष्टी वाचून मला आत्ताच लिहावंसं वाटलं, जरा लांबेल.

आपल्याकडे पेशंट येतो आणि म्हणतो डोळा दुखतो. मी त्यांना नेहमी विचारते, दुखतो म्हणजे काय, खुपतो, चुरचुरतो की ठणकतो? मराठीत ह्यासाठी इतके नेमके शब्द आहेत की निम्मी वाट तिथेच सापडते. खुपणं, टोचणं हे पृष्ठभागाचं दुखणं, म्हणजे बुबुळावर काही अडकलंय, ओरखडा आहे, पापणीचा केस आत वळलाय, लेन्स जास्त वेळ राहिलीय. शरीरात बुबुळाइतके दाट मज्जातंतू क्वचितच कुठे आहेत, म्हणून धुळीचा बारीकसा कणही खडा गेल्यासारखा वाटतो. चुरचुर, जळजळ असेल तर बहुतेक कोरडेपणा नाहीतर पापणीच्या कडांची सूज. खाज असेल तर अ‍ॅलर्जीचा विचार आधी. पापणीवर एकाच जागी बोट लावलं की दुखतं, गाठ लागते, ती रांजणवाडी. आणि ठणका, आतून, भुवईत कपाळात जाणारा, रात्री वाढणारा, हा बुबुळाच्या मागच्या भागाचा असतो आणि त्याला मी कधीच उद्यावर ढकलत नाही.

उलट एक गोष्ट लोकांना माहीत नसते. डोळ्याच्या पडद्याला वेदनाच कळत नाही. पडदा सुटला, शुगरने पडद्यात रक्त आलं, मोतीबिंदू वाढला, तरी काहीच दुखत नाही. म्हणून दुखत नाही म्हणजे डोळा ठीक असं नाही, आणि खूप दुखतंय म्हणजे नजर जाणारच असंही नाही. डोळ्यात कण गेल्यावर माणूस तळमळतो आणि कण काढला की एक-दोन दिवसांत बरा होतो.

कधी कधी डोळ्यात काहीच नसतं. डोळा, भुवई, कपाळ ह्यांची संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखेतून जाते, त्यामुळे सायनस भरलं, अर्धशिशी उठली तरी डोळाच दुखतोय असं वाटतं. तिथे डोळा पांढराशुभ्र असतो आणि वाकल्यावर जड वाटणं, मळमळ, आवाज नकोसा होणं अशा खुणा असतात. कपाळावर एका बाजूला नागीण येण्याआधी पण दोन-तीन दिवस असं आग होऊन दुखतं, आणि नागिणीचा फोड नाकाच्या शेंड्यावर आला तर डोळ्याला धोका आहे असं समजून धावायचं. डोळा फिरवला की मागून दुखतं आणि लाल रंग फिका दिसायला लागला तर ती डोळ्याच्या नसेची सूज असू शकते.

आता तुमचं. डोळे आलेत म्हणावं तर ते बहुतेकदा एकातून दुसऱ्यात जातात, सकाळी पापण्या चिकटतात, चिपडं येतात, घरात ऑफिसात अजून कुणाला तरी असतं. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीत आणि पुण्यात जी साथ आली होती ती आठवा, घरंच्या घरं लाल डोळ्यांची होती. त्यात बोचतं पण असा ठणका नसतो आणि चिपडं पुसली की दिसतं साफ. तुमच्याकडे ह्यातलं काहीच नाही.

तीन प्रश्न विचारते. लाली पापणीच्या आत जास्त आहे की बुबुळाच्या भोवती कडं असल्यासारखी? दुखरा डोळा हाताने पूर्ण झाकून चांगल्या डोळ्यावर मोबाईलचा लाईट टाकला तर झाकलेल्यात कळ येते का? आणि अंगात दुसरं काही दुखतं का, कंबर, सांधे, तोंडात वारंवार फोड, जुना खोकला? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल पण विचार करून उत्तर द्या.

मीरा_ठाणे

काचेपलीकडे ताई, तुम्ही रात्रीच्या ठणक्याचं लिहिलंत ते वाचून माझ्या आईचं लिहितेय, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. आई तेव्हा 61 ची. लग्नाच्या हॉलमध्ये तिला सर्दी होती म्हणून कुणीतरी सर्दीची गोळी दिली, संध्याकाळी अंधारात बसून सगळे फोटो बघत होतो प्रोजेक्टरवर, आणि तिचं डोकं एका बाजूला फुटायला लागलं. उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांनी पित्त पित्त म्हणून आलं-लिंबू दिलं, जवळच्या एका दवाखान्यात नेलं तिथे पण पित्ताचंच इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. ती रात्रभर सांगत होती की दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय, आम्हाला वाटलं डोकं दुखतंय म्हणून बोलतेय. सकाळी डोळा लालबुंद आणि दिसत नाही म्हणाली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्यातला दाब 54 होता, साधारण 10 ते 21 असायला हवा. काचबिंदूचा झटका.

डॉक्टरांनी समजावलं की डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोपरा काही लोकांचा जन्मतःच अरुंद असतो, लांबचं बघायलाही प्लसचा नंबर लागणाऱ्यांचे डोळे लहान असतात त्यांचा जास्त, बायकांमध्ये जास्त, आणि वय वाढलं की आतलं भिंग जाड होऊन तो अजून दाबतं. अंधारात बाहुली मोठी होते, सर्दीच्या काही गोळ्यांनी पण होते, आणि दार बंद झाल्यासारखं पाणी तुंबतं. सलाईनमधून औषध, गोळ्या, ड्रॉप्स देऊन दाब उतरवला आणि मग लेझरने बुबुळाच्या मागच्या रंगीत पडद्याला बारीकसं भोक पाडलं, दुसऱ्या डोळ्याला पण, कारण तोही तसाच अरुंद होता. दुसरा डोळा आज उत्तम आहे. पहिल्याची कडेची नजर गेली ती गेलीच. ते बारा तास वाया गेले नसते तर, हे मला अजून रात्री आठवतं. आम्ही काचबिंदू म्हणजे न दुखणारा, हळूहळू येणारा आजार एवढंच ऐकलं होतं. तो बहुतेक वेळा तसाच असतो, पण हा प्रकार दुखतो आणि उलट्यांमुळे पोटाचा वाटतो.

लेथवाला

आमच्या भोसरीच्या शेडमधलं पण लिहितो. वेल्डिंगची ज्योत काचेशिवाय बघितली की तेव्हा काही होत नाही, सहा-आठ तासांनी रात्री दोन्ही डोळ्यांत मिरची टाकल्यासारखं होतं. पोरं बटाट्याचे काप ठेवतात, कुणी दूध टाकतं. ते करू नका, डॉक्टर मलम देतात, एक-दोन दिवसांत उतरतं. पण ग्राइंडिंग करताना कण उडाला असेल तर वेगळं, तो काडीने, पदराने काढू नका, लोखंड बुबुळात गंजतं आणि हातोडीने छिन्नी मारताना उडालेला कण तर डोळ्याच्या आत घुसलेला असू शकतो, बाहेरून काही दिसत नाही. आणि अजून एक, ज्यांच्या घरी तंबाखूचा चुना असतो त्यांनी पुडी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. दाबली की फुटून थेट डोळ्यात उडते. तेव्हा आधी नळाखाली धरून अर्धा तास पाणी, पापणी उघडून चुन्याचे कण धुवून काढायचे, मग दवाखाना.

वाटसरू_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या लवकर इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कृष्णाकाठ, तुमच्या आण्णांचं वाचून बायकोने ती बाटली कपाटात वर ठेवून दिली.

ताई तुमची उत्तरं. लाली बुबुळाच्या भोवती आहे, जांभळट कडं आल्यासारखी, पापणी ओढून बघितली तर आत एवढं लाल नाही. तो लाईटचा प्रयोग आत्ता केला, बायकोने लाईट टाकला डाव्या डोळ्यावर, उजवा मी तळहाताने झाकलेला, आणि उजव्यात जोरात कळ आली. हे कसं काय? आणि कंबरेचं विचारलंत म्हणून, हो, दोन-अडीच वर्षं झाली सकाळी उठल्यावर कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, चालायला लागलं की मोकळी होते. खुर्चीमुळे होतं म्हणून कंपनीकडून खुर्ची बदलून घेतली होती. त्याचा डोळ्याशी काय संबंध?

काचेपलीकडे

एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात, म्हणून झाकलेल्या डोळ्यातला सुजलेला स्नायूही ओढला जातो. हे सगळं बुबुळाच्या मागच्या रंगीत पडद्याच्या सुजेकडे बोट दाखवतंय, त्याला आयरायटिस म्हणतात. आणि सकाळची आखडलेली कंबर जी बसून नाही तर हालचालीने मोकळी होते, तिचा आणि ह्या सुजेचा संबंध असू शकतो, डॉक्टरांना न विसरता सांगा.

शनिवार नको, आजच जा. नेत्रतज्ज्ञाकडे, चष्म्याच्या दुकानात नाही. स्लिट लॅम्पवर, म्हणजे उजेडाची बारीक रेघ टाकून डोळा मोठा करून बघायच्या मशीनवर, तपासणी आणि डोळ्याचा दाब दोन्ही होऊ द्या. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालतील, तेव्हा गाडी चालवू नका, बायकोला बरोबर न्या. मेडिकलचे दोन्ही ड्रॉप्स खिशात घेऊन जा म्हणजे काय घातलं ते त्यांना कळेल.

वाटसरू_पुणे

नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा, स्क्रीन कमी बघायला सांगितली होती.

त्याच संध्याकाळी गेलो. आयरायटिसच निघाला. डॉक्टरांनी खोली अंधारी करून प्रकाशाची बारीक रेघ डोळ्यात सोडली आणि म्हणाले, कौलातून कवडसा पडतो त्यात धूळ तरंगताना दिसते ना, तसे सुजेचे कण तुमच्या डोळ्यातल्या पाण्यात तरंगताना दिसतायत. बाहुली एका जागी मागच्या भिंगाला चिकटायला लागली होती, अजून काही दिवस गेले असते तर कायमची वेडीवाकडी झाली असती. बाहुली मोठी ठेवायचे ड्रॉप्स दिले, ते घातल्यावर दुसऱ्या दिवशीच ठणका निम्मा झाला, पाच दिवसांनी पहिल्यांदा रात्रभर झोपलो. आणि प्रेडनिसोलोनचे ड्रॉप्स, आधी दर तासाला, मग हळूहळू कमी करायचे, कागदावर तारखा लिहून दिल्यात. दाब दर भेटीत बघतात. रक्त तपासलं, छातीचा एक्सरे काढला, टीबीसाठी हातावर इंजेक्शनची टेस्ट केली, ते सगळं नॉर्मल आलं. एचएलए बी 27 नावाची रक्ताची टेस्ट, जी अशा कंबरेशी आणि डोळ्याच्या सुजेशी जोडलेली असते, ती पॉझिटिव्ह आली. कंबरेच्या एक्सरेत माकडहाडाच्या वरच्या सांध्यांना सूज आहे, बुधवारी संधिवाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. अडीच वर्षं मी खुर्चीला दोष देत होतो.

आज लाली नाही, दिसतंय साफ. रिलीज माझ्याशिवाय झालं. आईला सगळं समजावून सांगितलं, ती आता शेजारच्या काकूंना सांगतेय की चिपडं नसतील तर घड्या ठेवत बसू नका.

कृष्णाकाठ

बरं वाटलं दादा वाचून. ताई, एक विचारू का, प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइडच ना? ह्यांना त्यानेच बरं वाटलं आणि आमच्या आण्णांचा डोळा त्यानेच गेला. मी चुकीचं औषध आणलं की औषधच वाईट होतं, हे मला तीन वर्षं कुणी नीट सांगितलं नाही.

काचेपलीकडे

हो, त्याच कुळातलं. औषध वाईट नाही. स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणजे शरीर जे लढतंय त्याला शांत करतं. वाटसरूंच्या डोळ्यात बाहेरून कुणी शिरलंच नव्हतं, शरीर स्वतःच स्वतःवर चालून गेलं होतं, म्हणून त्याला शांत करणं हाच इलाज. आण्णांच्या बुबुळात बुरशी होती. लढणाऱ्यांना झोपवल्यावर लाली उतरली आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. बाहेरून दोन्ही डोळे लालच दिसतात, मशीनखाली बघितल्याशिवाय फरक आम्हालाही कळत नाही, तुम्हाला मेडिकलच्या काउंटरवर कळणं शक्यच नव्हतं. ते ड्रॉप्स चिठ्ठीशिवाय देणाऱ्याची चूक आहे, तुमची नाही.

आण्णांचा दुसरा डोळा शेवटचा कधी तपासला? तोडीला जाताना त्यांना साधा प्लॅस्टिकचा गॉगल घ्या, कडा बंद असलेला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आता तो एकच डोळा आहे.

वाटसरू, बरं वाटलं म्हणून ड्रॉप्स मध्येच सोडू नका, एकदम बंद केले की सूज उलटते. कागदावरच्या तारखेपर्यंत घाला. आणि हा त्रास पुन्हा येऊ शकतो, कधी त्याच डोळ्याला, कधी दुसऱ्याला. उजेडाने पहिली कळ आली की त्याच दिवशी जा.

कृष्णाकाठ

दुसरा डोळा दाखवून वर्ष झालं. सोमवारी मिरजेला घेऊन जातो.